घाटातला लाल खटका



मांजरसुंब्याच्या फाट्यावर ज्यांनी एकदा तरी एसटीची वाट पाहिली असेल, त्यांना या ठिकाणाची ओळख करून द्यायला नको. सोलापूर-धुळे हमरस्ता इथून जातो. पूर्वी त्याला २११ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता तो ५२ नंबरचा झाला. पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई. पश्चिमेला पाटोदा, जामखेड. उत्तरेला बालाघाटाचा डोंगर उतरला की पाली, बिंदुसरेचे धरण आणि मग बीड. हा घाट आमच्या वडिलांच्या पायाखालचा होता. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. घमेले आणि फावडे घेऊन त्यांनी या रस्त्याचे खड्डे किती वेळा भरले, त्याची मोजदाद नाही.

त्याच वडिलांनी १९८८ साली एका निवृत्त कारकुनाकडून एक जुनी येझदी मोटारसायकल विकत घेतली. गाडी १९७६ सालची. आईने भिशीचे पैसे घातले, बाकीचे हप्त्याने फेडले. आमच्या वस्तीत आलेली ती पहिली मोटारसायकल. तिच्यावरून दुखणाईत माणसे बीडच्या दवाखान्यात गेली, पोरे परीक्षेला गेली, एक नवरदेवही गेला. वडील गेले, पण गाडी राहिली. घरातले सगळे तिला अजून ‘बाबांची गाडी’च म्हणतात.

आज या सदरात त्या गाडीला आम्ही जो एक लहानसा खटका बसवला, त्याची हकिकत सांगायची आहे. गॅरेजवाले त्याला ‘किल स्विच’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर, हॅन्डलवरचा हात न काढता इंजिन बंद करायचे बटण. पुष्कळशा नव्या मोटारसायकलींवर उजव्या मुठीजवळ ते असते. जुन्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांना ते नाही. हकिकत सांगताना आमची चूकही सांगावी लागेल, ती लपवणार नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मांजरसुंब्याहून बीडला निघाला. दिवस मावळला होता. पोरीला टाकीवर पुढे बसवले होते. घाट उतरताना आपण रेस सोडतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवते. भाच्याने वळणाच्या आधी मूठ सोडली, पण रेस खाली येईना. केबल आत अडकली होती. गाडी उतारावर ओढ घेऊ लागली.

त्याने क्लच दाबला. चाक मोकळे झाले, पण इंजिन किंचाळायला लागले. पोर घाबरून रडू लागली. आता इंजिन बंद करायचे कसे? या गाडीची किल्ली हेडलाइटच्या डब्यावर. डाव्या हातात क्लच, तो सोडला तर गाडी उडी मारणार. उजव्या हातात पुढचा ब्रेक, तो सोडला तर वेग आवरणार नाही. त्यात पोर मध्ये बसलेली. शेवटी त्याने पायातला ब्रेक दाबून धरला, उजवा हात सोडला आणि पोरीच्या डोक्यावरून पुढे झुकून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडले, आणि किल्लीबरोबर दिवाही गेला. अंधारात गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घुसली. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे त्याचे नशीब म्हणायचे. भाच्याचा गुडघा सोलला. पोरीच्या हनुवटीला तीन टाके पडले.

आता आमची चूक. त्या केबलची एक तार तुटून मुठीजवळ बाहेर आलेली आम्ही पंधरा दिवस आधी पाहिली होती. ‘पगार झाला की बदलू’ असे म्हणून आम्हीच तिला टेप गुंडाळून दिला. शंभर-दीडशे रुपयांची केबल. दवाखान्यात पोरीची हनुवटी शिवत होते, तेव्हा बहीण आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत फाट्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. “जयभीम, मामा. बाबांची गाडी अशी कशी झाली हो?” असे म्हणत त्याने हॅन्डल हातात घेतले. केबल बाहेर काढून दाखवली. तुटलेल्या तारेचे टोक बाहेरच्या वेटोळ्यात आकड्यासारखे रुतले होते. तो म्हणाला, “केबल तर नवी टाकूच. पण मामा, या गाडीला हाताशी स्टॉप बटण पाहिजे. घाटातली गाडी हाय ही.”

आमचे थोरले दादा सोबत होते. त्यांना हे पटेना. “बाबांची गाडी आहे तशीच राहू दे. तिला छिद्रे पाडू नका,” ते म्हणाले. दादांचे म्हणणे अगदीच भावनेचे होते असेही नाही. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी पन्नाशीला आली असली तरी ती रोज कामाला जाणारी आहे, प्रदर्शनात उभी राहणारी नाही. मिस्त्रीने दादांची समजूत घातली. हॅन्डलच्या नळीला छिद्र पाडायचे नाही, कड्याने आवळून बसणारा खटका लावायचा. उद्या काढावासा वाटला तर दोन स्क्रू सैल केले की गाडी होती तशी. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत असे फेरफार करायला मनाई करते की ज्यामुळे आरसी बुकातल्या नोंदी आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही. या खटक्याने इंजिन, चेसिस, इंधन, रंग यातले काहीच बदलत नाही.

येझदीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हिचा मूळ वंश जावाचा. यानेचेक हा चेकोस्लोव्हाकियातला कारखानदार आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली ‘जावा’ हे नाव झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी बनू लागली, पुढे १९७० च्या दशकात तिचे नाव येझदी झाले. कारखाना १९९६ साली बंद पडला. अलीकडे, २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी, ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. त्या नव्या गाड्यांना हे बटण आहे. जुनीची किक आणि गिअरचा दांडा एकच, धुराची नळकांडी दोन, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागते, हे जुन्या माणसांना आठवत असेल. इंजिन दणकट. पण ती ज्या काळात घडली, त्या काळात बंद करायची सोय किल्लीपुरतीच होती. परदेशातही हे बटण सरसकट आले ते १९७० च्या दशकात. अमेरिकेने तेव्हा नियमच केला की इंजिन बंद करायचा जादा खटका हॅन्डलवर उजव्या हाताशी हवा. उजवा अंगठा ब्रेक न सोडता तिथे पोचतो, एवढाच त्यातला मुद्दा.

आता खटका बसवायचा कसा, ते नीट सांगतो. कारण इथे एक गोष्ट उलटी केली तर सगळेच चुकते. मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला तो हा: “गाडीची ठिणगी बॅटरीवर हाय का मॅग्नेटवर?”

सायकलचा डायनॅमो सगळ्यांनी पाहिला आहे. चाक फिरते तोवर तो स्वतःच वीज करतो, त्याला बॅटरी लागत नाही. जुन्या मोपेडी आणि पुष्कळशा स्कूटर यांचे मॅग्नेट तसेच. इंजिन फिरते आहे तोवर वीज तयार होतच राहणार. अशा गाडीला बंद करायचे तर ती वीज प्लगकडे जाऊ न देता चेसिसला, म्हणजे अर्थला, पोचवून द्यायची. म्हणून मॅग्नेटच्या गाडीत खटका दाबला की वायर *जोडली* जायला हवी.

बॅटरी-कॉइलच्या गाडीचे काम विहिरीवरच्या मोटारीसारखे. वीज बाहेरून येते, ती तोडली की काम थांबले. बॅटरीपासून किल्लीपर्यंत, किल्लीपासून कॉइलला, कॉइलमधून पॉइंटला असा प्रवाह जातो. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये उच्च दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. इथे खटका दाबला की किल्लीपासून कॉइलकडे जाणारी वायर *तुटायला* हवी. आमची येझदी या दुसऱ्या जातीची.

काही जण बॅटरीच्या गाडीतही पॉइंटची वायर अर्थला जोडून इंजिन बंद करतात. इंजिन बंद पडते हे खरे. पण किल्ली चालू राहिली तर कॉइलमधून प्रवाह वाहतच राहतो. कॉइल तापते, बॅटरी उतरते. म्हणून मिस्त्रीने तो मार्ग घेतला नाही.

काम असे झाले. आधी बॅटरीची वायर सोडली. हे न करता हात घालू नये. मग हेडलाइटचा डबा उघडला. किल्लीच्या स्विचवरून कॉइलकडे निघणारी वायर शोधली. हीच ती वायर याची खात्री करायला ती सुटी ठेवून, बॅटरी जोडून किक मारून पाहिली. प्लगला ठिणगी नाही. पुन्हा लावली, ठिणगी आली. मग बॅटरी परत सोडली, ती वायर मधोमध कापली आणि दोन्ही टोकांना नव्या वायरी जोडून त्या खटक्यापर्यंत नेल्या.

खटका निवडताना तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, तो हॉर्नच्या बटणासारखा दाबून सोडला की परत येणारा नको. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल तर चाक इंजिनाला फिरवत असते. बटण परत आले की इंजिन पुन्हा पेटते. एकदा बंद केला की बंदच राहणारा खटका हवा.

दुसरी, त्याने प्रवाह सोसला पाहिजे. सहा व्होल्टच्या कॉइलला तीन-चार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. घरातल्या शोभेच्या माळेचा खटका इथे टिकणार नाही.

तिसरी, वायर बारीक नको, सांधे सैल नकोत. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट सांध्यात वाया गेला तर बारावा हिस्सा गेला. बारा व्होल्टच्या गाडीत तोच अर्धा व्होल्ट चोविसावा हिस्सा होतो. म्हणून जुन्या गाडीत सांध्याची चूक दुप्पट भोवते, किक मारून मारून पाय दुखतो आणि दोष कार्ब्युरेटरला जातो. मिस्त्रीने दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली, टोकांना लग दाबून बसवले, वर नळी चढवली. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणे त्याने साफ नाकारले. टेपचे नाव निघताच आम्ही मान खाली घातली.

वायर हॅन्डलला बांधताना दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, कुठे ताणली जात नाही ना. खटक्याजवळ वायरीला खाली झोका दिला, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून खटक्यात न जाता खाली टपकते. मग खटक्याला लाल रंग दिला. बॅटरी जोडली. इंजिन चालू करून खटका दाबला, बंद. पुन्हा चालू करून रेस वाढवली आणि दाबला, बंद. चालू ठेवून हॅन्डल डावी-उजवीकडे फिरवले, इंजिन अडखळले नाही. वरून तांब्याभर पाणी ओतले, तरी अडखळले नाही. ही शेवटची तपासणी फार महत्त्वाची. भरधाव ट्रकच्या पुढे खटकाच बिघडून गाडी बंद पडली, तर जिवाच्या रक्षणाला लावलेली वस्तूच जिवावर उठेल.

एक फायदा आम्हाला आधी कळला नव्हता. किल्ली फिरवली की आमच्या गाडीचे सगळेच बंद होते, दिवासुद्धा. खटक्याने फक्त ठिणगी जाते. दिवा बॅटरीवर जळतच राहतो. त्या संध्याकाळी खटका असता तर भाच्याला नाली तरी दिसली असती. मॅग्नेटवर दिवा जळणाऱ्या गाडीत मात्र इंजिनाबरोबर दिवाही जातो, हे लक्षात ठेवावे.

सगळे मिळून साडेतीनशे रुपये लागले, त्यात नवी केबल आली.

आता खटक्यावर फार भरवसा ठेवू नका, हेही सांगितले पाहिजे. रेस अडकू नये हे पहिले, अडकली तर थांबवता यावे हे दुसरे. पहिल्याला दुसऱ्याची भरपाई नाही. रोज गाडी काढताना, इंजिन चालू करण्याआधी मूठ पूर्ण फिरवून सोडा. ती आपोआप खटकन परत आली पाहिजे. हॅन्डल डावीकडे आणि उजवीकडे वळवूनही तसेच करून पाहा. परत यायला आळस करत असेल तर केबल, स्प्रिंग किंवा कार्ब्युरेटरचा पिस्टन यांपैकी काहीतरी बिघडले आहे. केबलची एक तार जरी तुटलेली दिसली तरी गाडी उभी करा. फार तापलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात काजळीचे निखारेच ठिणगीचे काम करतात आणि ठिणगी तोडूनही इंजिन थोडे फिरत राहते. म्हणून क्लच, दोन्ही ब्रेक आणि खटका ही तिन्ही कामे एकदमच करायची सवय लावावी. मोकळ्या मैदानात, सावकाश, चार वेळा सराव करावा. वेळ आल्यावर बुद्धी चालत नाही, सवय चालते.

आणि खटका दाबून गाडी थांबवली तरी उतरताना किल्ली काढायची विसरू नका. खटका म्हणजे कुलूप नव्हे.

पोरांना टाकीवर बसवण्याविषयीही बोललेच पाहिजे. आपल्या घरांत एका गाडीवर चौघे जातात, त्यामागे हौस नसते, खिसा असतो. ते आम्हाला ठाऊक आहे. पण टाकीवरचे मूल चालवणाऱ्याच्या हाताच्या आणि किल्लीच्या मध्ये येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालावे असे कायदा सांगतो. भाच्याने आता पोरीसाठी लहान हेल्मेट आणले आहे आणि तिला मागे, आईच्या आणि त्याच्या मध्ये बसवतो. हेल्मेटची किंमत ऐकून आधी बहीण कचरली होती. मग तिनेच पोरीच्या हनुवटीकडे पाहिले आणि पैसे काढून दिले.

माता-भगिनींनो, हे सदर पुरुषांच्या गाडीपुरते समजू नका. तुम्ही मळणी यंत्रावर कणसे सारता, कडबा कुट्टीत पेंढ्या घालता, गिरणीवर दळण घेऊन उभ्या राहता. पदर किंवा हात पट्ट्यात ओढला गेला तर ते यंत्र बंद कोण करणार? त्याचा खटका कुठे आहे? भिंतीच्या पलीकडे, मालकाच्या खुर्चीमागे असेल तर तो असून नसल्यासारखा. कामाला हात लावण्याआधी विचारून घ्या आणि एकदा बंद करून दाखवायला सांगा. मजुरी मागताना जशी लाज धरत नाही, तशी हे विचारतानाही धरू नका. यंत्र चालवणारा आणि यंत्रापाशी राबणारा, दोघांच्याही हाताला ते थांबवता आले पाहिजे.

दादांचे मन कसे वळले तेही सांगतो. खटका बसल्यावर ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “बाबा घाटात वळणाआधी दगडांना चुना लावायचे. रस्ता तोच, पण रात्री माणसाला कडा दिसावी म्हणून. हेही तसलंच समजू.” आम्हाला यापेक्षा जास्त काही सुचले नाही.

पोरीची हनुवटी आता भरून आली आहे. बारीक व्रण राहील असे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी भाचा कामावरून आला की ती धावत दारात जाते आणि लाल खटका दाबून इंजिन बंद करते. ते काम तिने स्वतःकडे घेतले आहे. घरातल्या सगळ्यांना, अगदी तिच्या आजीलासुद्धा, तिनेच तो दाबायला शिकवला.

वाचकहो, आज गाडी दारात लावाल तेव्हा एवढे करा. मूठ फिरवून सोडा आणि ती परत येते का पाहा. केबलच्या टोकाशी बोट फिरवा. एखादी तार बोटाला टोचली तर पगाराची वाट पाहू नका.